सड्यावरची रेंज

शेजारचं घर रिकामं होतंय हे आम्हाला कळलं ते टेम्पोच्या हॉर्नमुळे. सासूबाई मोबाइलवर नागपूरच्या कोणा बाईची वांग्याची भाजी बघत होत्या. मालवणात जन्म गेला, आणि आता वांगं नागपूरकडून शिकायचं! मी खिडकीतून पाहिलं, तर एस्पेरांसाबायचं लाकडी कपाट दोघं जण उचलून टेम्पोत चढवत होते.

"आई, एस्पेरांसाबाय चालली की काय?"

"खंय जातली ती?" सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "जातली तर माका कळाचा नाय?"

त्यांचंही चुकलं नाही. त्या दोघींमध्ये न कळण्यासारखं काही उरतच नसे. मी लग्न होऊन कणकवलीहून इथे आले तेव्हा गावात रेंज फक्त वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, चिऱ्यांच्या राशीपाशी. तिन्हीसांजेच्या आधी सगळा गाव तिथे फोन घेऊन उभा. एस्पेरांसाबायला ऐकू कमी येई, म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर. तिचा मुलगा मेल्रॉय मीरा रोडला. तो आईशी बोले आणि उत्तरं माझ्या सासूबाई, म्हणजे काशीबाई, देत! एकदा त्याने घर विकायची गोष्ट काढली, तर ह्या चिऱ्यावरून उठून फोनमध्ये कडाडल्या, "मेल्रॉय, तुझ्या बापाशीन एकेक चिरो डोक्यार वाहून बांधलेला घर ता! विषय काढलंस तर बघ!" एस्पेरांसाबाय बाजूला उभी राहून हसत होती. तिला नाही म्हणायला जमत नसे, आणि सासूबाईंना दुसरं काही जमत नसे. विषय तिथेच मिटला.

सड्यावर कुणी कुणाला बातमी सांगत नसे. सांगायची गरजच काय? ज्याचा फोन त्याची बातमी, आणि ती ऐकायला अख्खा गाव. दुसऱ्या दिवशी थेट त्या बातमीवर भांडणच सुरू व्हायचं.

मग टॉवर आला. त्यासाठी देवीला कौल लावला, देवीने उजवा, म्हणजे होकाराचा, दिला, आणि नारळ फोडायला सासूबाई सगळ्यांच्या पुढे. आनंद मलाही झाला होता, उगाच कशाला नाकारू? चूल सोडून सडा चढायची कटकट गेली. घरात बसून बोलायचं, पाहिजे तेवढं. सड्यावर आता गुरं चरतात.

हॉर्न पुन्हा वाजला तशा सासूबाई उठल्या. दोन घरांमधला दगडी गडगा त्यांनी या वयात कसा ओलांडला देव जाणे. मी वाटेने वळसा घालून पोचेपर्यंत त्या एस्पेरांसाबायच्या समोर उभ्या होत्या.

"ह्या काय गो? खंय चललंस?"

"मेल्रॉयकडे. मीरा रोडाक." एस्पेरांसाबाय त्यांच्याकडे बघतच राहिली. "घर इकला ना. तुका ठावक आसा मां?"

"माका कोण सांगतलो?"

"सांगाक कित्याक होया? आपण कधी एकामेकींक काय सांगला काय?"

सासूबाईंनी टेम्पोतल्या कपाटाला हात लावून पाहिला.

"पावसाच्या आधीपासून तेचे फोन," एस्पेरांसाबाय म्हणाली. "रोज तोच विषय. माका वाटला, तू आयकलंस आसतलंस. आता येतलंस, तेका गाळी घालतलंस. दारात बसान वाट बघीत रवलंय. तू काय येवक नाय. म्हटलंय, काशी गप रवली म्हणजे तिका पण माझा जाणाच बरा वाटता. मग मी हो म्हटलंय."

"अगो, पण तू घरात बसान बोललंस! माका गडग्यापलीकडे कसा आयकाक येतला?"

एस्पेरांसाबायने आमच्या घराकडे पाहिलं, मग आपल्या. दोन्ही दारं समोरासमोर. तिच्या हातातल्या पिशवीत मेल्रॉयच्या गॅलरीत लावायला अबोलीची रोपं होती, ती तिने उगाच वर-खाली केली.

"ह्या माझ्या ध्यानातच इला नाय गो," ती हळूच म्हणाली.

मला त्या क्षणी दोघींचा राग आला आणि रडूही आलं. इतकी वर्षं एकीचं आयुष्य दुसरीच्या कानावर पडत होतं, आणि गडग्यावरून एक हाक मारायची सवय मात्र कुणालाच लागली नाही.

ड्रायव्हर म्हणाला, "आजी, चला, घाटात अंधार होईल."

सासूबाईंनी तिचा दंड धरला. "जाव नको," त्या म्हणाल्या. तिला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने, सड्यावर बोलायच्या तशा. "एस्पेरांसा, जाव नको!"

एस्पेरांसाबायने डोळे पुसले. "इतक्याच होया होता माका," ती म्हणाली.

मग दंड हलकेच सोडवून घेतला आणि फ्रॉक सावरत टेम्पोत चढली. खरेदीखत आदल्याच दिवशी झालं होतं.