रेंजरचं आवतण

श्रावण लागल्यापासून सोजराबाईची आपल्या नवऱ्यावर पाळत होती. उकंडरावांनी उभ्या जन्मात परक्या बाईकडे पाहिलं नव्हतं की पत्त्यांना हात लावला नव्हता. पण संशयाला वय नसतं, आणि हा संशय सशावरून होता.

मेहकरचे जंगलखात्याचे रेंजरसाहेब साखरखेर्ड्याला दौऱ्यावर आले की उकंडरावांच्याच ओसरीवर उतरत. त्यांची बदली चांद्याला झाली. नागपूरचं सरकार माणसं उचलून कुठंही टाकतं, सशाचा विचार कोण करतो? साहेबांच्या बाईंनी डोळे पुसत आपला पाळलेला ससा सोजराबाईच्या ओच्यात दिला, सोबत एक मऊ ब्रश दिला आणि बजावलं, की ह्याला पाण्यात कधी घालायचं नाही. केस आखूड आहेत, आठवड्यातून एकदा ब्रश फिरवला की भागतं. गळायला लागले की मात्र रोज फिरवायचा. नाहीतर चाटून चाटून केस पोटात जातात, आणि सशाला ओकता येत नाही.

गावानं सशाचंच नाव रेंजर ठेवलं. लेक सासरी गेल्यापासून सुन्या पडलेल्या ओसरीवर मग लाकडी पेटीत राहणाऱ्या ह्या करड्या रेंजरचा अंमल सुरू झाला. हराळीला उशीर झाला की तो मागचा पाय आपटायचा, आणि सोजराबाई हातातला घास टाकून उठायची.

उकंडरावांचं मत पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. ससा ही खायची चीज, विंचरायची नाही.

"इतकी तेलफणी कधी माही नाही झाली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

श्रावणात रेंजरचे केस गळू लागले. सोजराबाई ब्रश घेऊन बसायची, तर ब्रशला केसच लागायचे नाहीत. अंग कसं तुकतुकीत! उकंडरावांच्या बंडीवर मात्र करडे केस दिसायचे. विचारलं तर म्हणाले, बैलाचे असतील. घरचे दोन्ही बैल पांढरेशुभ्र होते.

मग एकदा जेवताना ते सहज बोलून गेले, की ससा अंगानं चांगला भरला. आणि पोळा तोंडावर आला तेव्हा त्यांनी व्याह्यांना, हिंमतरावांना, करीचं जेवायला बोलावलं. हिंमतरावांना कुत्री घेऊन रानात सशामागं धावायचा भारी नाद. महिनाभर श्रावण पाळलेली घरं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, वशट, म्हणजे मटण-कोंबडी, रांधतात. सोजराबाईनं सगळं जुळवून पाहिलं आणि विळा धान्याच्या कणगीत लपवला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी झाली. उकंडरावांनी वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली आणि रीतीप्रमाणं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दिवा लावून सोजराबाई रेंजरला हराळी द्यायला गेली. पाठीवर हात ठेवला तर हात बुळबुळीत. उजेडात धरला तर पिवळा. लोणी आणि हळद. कोंबडीला रांधायच्या आधी ती स्वतः अशीच तर हळद चोळून ठेवायची.

तिनं रेंजरला पदराखाली घेतलं आणि शेजारच्या झुंबरबाईकडे टोपलीखाली झाकून आली.

पोळ्याचा दिवस गेला. बैल तोरणाखालून वाजतगाजत आले, पुरणपोळी खाऊन गोठ्यात बसले. मग उकंडराव कोवळ्या हराळीची जुडी घेऊन, इकडं-तिकडं पाहत, हळूच ओसरीवर आले. पेटीत डोकावले. पेटीमागं पाहिलं, बाजेखाली वाकले.

"काय शोधून राह्यले?" दारातून सोजराबाईनं विचारलं.

ते दचकले. जुडी पाठीमागं गेली. मग तशीच पुढं आली.

"आवतन देल्लं होतं त्याले काल," ते जमिनीकडं पाहत म्हणाले. "जेवाले या म्हनलं होतं. कुठी गेला वं?"

सोजराबाई अनवाणीच झुंबरबाईकडे धावली. झुंबरबाईनं मोठ्या कौतुकानं टोपली उचलली. लोण्याला मुंग्या लागल्या होत्या, म्हणून तिनं रेंजरला आत्ताच विहिरीच्या पाण्यानं स्वच्छ धुऊन काढलं होतं. ओला रेंजर मुठीएवढा दिसत होता. कान पाठीला चिकटलेले, डोळे अर्धे मिटलेले, अंग थंडगार.

घरी आणल्यावर उकंडरावांनी चुलीत लाकूड सारलं. पोळ्यासाठी नेसलेल्या नव्या धोतराचा सोगा सोडून त्यांनी रेंजरला त्यात घेतलं आणि चुलीपासून जरा लांब बसले. आधी टिपलं, चोळलं नाही. मग कानामागून शेपटीकडं, केसांच्या वळणानं, हलक्या हातानं ब्रश फिरवू लागले. हाताला चांगली सवय दिसत होती.

"मले वाटलं, करीसाठी मसाला लावला तुमी त्याले," सोजराबाई अखेर म्हणाली.

त्यांनी ब्रशला अडकलेले केस काढून टाकले. "बैलाले कळते मान देल्ला म्हणून," ते म्हणाले. "बायकोले नाही कळत."

ती रेंजरच्या नाकाशी हराळीची काडी धरून बसली. काडी कितीतरी वेळ तशीच राहिली. मग नाक हललं. मग दात लागले.

दुसऱ्या दिवशी हिंमतराव आले, झुंबरबाईकडून कापून आणलेल्या कोंबडीच्या रश्श्यावर भाकरी कुस्करून पोटभर जेवले आणि पेटीकडं पाहून म्हणाले, "हा कवा कापता, व्याही?"

"पाव्हणा हाय तो," उकंडराव म्हणाले. "तुमच्या आंधी आवतन गेलं त्याले."

सोजराबाईनं हिंमतरावांना आणखी रस्सा वाढला. विळा मात्र ते गावाची शीव ओलांडेपर्यंत कणगीतच राहू दिला.