मी सोडलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नाही, तलावाचा. जुना म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, शंभरेक वर्षांचा असेन. छे हो! मला बसवून अजून पाच पावसाळेही झाले नाहीत. पण आम्हा नव्या काळाच्या यंत्रांना म्हातारपण फार लवकर येतं. आमच्याहून हुशार भावंडं रोज जन्माला येतात आणि आम्ही बघता बघता भंगारात जातो. पुढच्या महिन्यात माझ्याही जागी नवा दरवाजा यायचा आहे. तो येण्याआधी मला तुमच्याशी बोलायचं आहे. मनात एक गोष्ट फार दिवसांपासून सलते आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. अंग लोखंडाचं, पोटात मोटर, डोक्यावर उन्हातून वीज करणारी पाटी आणि बाजूच्या डब्यात माझा मेंदू. कारखान्यातले लोक माझ्याकडे मोठ्या कौतुकानं बघायचे. तिथून ट्रकात बसून मी भंडारा जिल्ह्यात आलो, आंधळगावच्या पलीकडच्या एका लहानशा गावी. गावाला मोठा तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्याच बांध्या, म्हणजे बांध घातलेली लहान लहान शेतं. तलावाचं पाणी सोडायचं जे तोंड असतं, त्याला इकडे तुडूम म्हणतात. त्या तुडुमावर मला बसवलं.

बसवायला नागपूरहून इंजिनिअर राखी मॅडम आल्या होत्या. कष्टाळू आणि मनानं चांगली मुलगी. तिला मी कधीच दोष देणार नाही. दोन दिवस गुडघाभर चिखलात उभी राहून तिनं माझे नटबोल्ट आवळले. मग रस्त्यालगतच्या एका बांधीत तिनं हातभर खोल एक सळई पुरली. ती सळई मातीतली ओल मोजायची आणि मला कळवायची. माती सुकली की मी उघडायचं, ओल पुरेशी झाली की मिटायचं. हुकूम द्यायला कोणी माणूस नको. ती बांधी गावातल्या बेबीबाई नावाच्या शेतकरी बाईंची होती.

सरपंच पुंडलिकरावांनी नारळ फोडला. राखी मॅडम गावकऱ्यांना म्हणाल्या, "येत्या दहा वर्षांत शेतच तुम्हाला सांगेल त्याला काय हवं ते. फवारणी आकाशातून होईल, ट्रॅक्टर ड्रायव्हरशिवाय चालेल, आणि तुम्ही घरी बसून फोनवर सगळं बघाल." टाळ्या पडल्या. मी तर असा फुगलो की विचारू नका. मला वाटलं, या गावाचं भलं आता माझ्याच हातून व्हायचं आहे.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. ते कवडूबाबा, या तलावाचे पाणकर. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी सोडणारा आणि वाटणारा माणूस. चाळीस वर्षं हे काम त्यांनी केलं होतं.

"मॅडमजी," ते म्हणाले, "पानी सोडाच्या पहिले खालतं फिरून यावं लागते जी. कोनाचं का चालू हाये, पाहावं लागते."

"बाबा, आता तुम्हाला फिरायची गरज नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "हा आहे ना, हा बघेल सगळं."

पुंडलिकरावांनी कवडूबाबांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. "लय चालला गा कवडूभाऊ आतावरी. आता आराम कर." पुन्हा टाळ्या पडल्या. मित्रांनो, मी काय बघणार होतो? मला डोळेच नव्हते. माझ्याजवळ फक्त एक सळई होती.

खोटं कशाला बोलू, पहिली वर्षं फार चांगली गेली. पाणी वाया जाईना. शेवटच्या टोकाच्या बांधीपर्यंत वेळेवर पोचू लागलं. पाण्यावरून होणारी भांडणं थांबली. लाखांदूरकडचे शेतकरी एसटीनं मला बघायला आले, माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढले. "मानसापरिस बरा हाये बाप्पा," असं कोणीतरी म्हणालं. मला ते खरंच वाटलं.

कवडूबाबा मात्र सवयीनं रोज सकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, येऊन बसायचे. बेबीबाई तिकडूनच बांधीत जायच्या, घडीभर थांबायच्या. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं की त्या बांधीत गावात दुसऱ्या कोणाकडे नाही असा धान होता. लाल टरफलाचा, लवकर पिकणारा, शिजला की गल्लीभर वास सुटणारा.

"माह्या मायचा धान होय हा," बेबीबाई सांगायच्या. "माय आंबागडची. लग्नात पदरात बांधून देल्ला होता. तिचं घर गेलं, माय गेली. हाच राह्यला."

बाकी साऱ्यांनी पाकिटातलं बियाणं धरलं होतं. बेबीबाई दरवर्षी याच बांधीतले चांगले लोंब निवडून पुढच्या सालचं बी ठेवायच्या. एक साल चुकलं तर संपलंच.

आता जे सांगतो ते सांगताना मला अजून लाज वाटते. धान कापायच्या आधी बांधी मुद्दाम सुकवतात. मग कापलेला धान ओळीनं तिथंच उन्हात पसरून ठेवतात, त्याला कडपा म्हणतात. हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. सुकलेली माती म्हणजे तहानलेली माती, एवढंच मला शिकवलेलं. मग आधीच्या सालांत घोटाळा कसा झाला नाही? कारण मला थांबवायचं बटण सरपंचांच्या फोनात होतं, आणि कापणीच्या तोंडावर कवडूबाबा गुपचूप त्यांच्याकडे जायचे. "पुंडलिकराव, फोनातलं बटन बंद करा जी." पुंडलिकराव बंद करायचे. शाल देऊन मोकळं केलेला माणूस अजूनही काम करत होता आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. श्रेय सगळं मला मिळत होतं.

गेल्या दिवाळीनंतर आंधळगावची मंडई होती. भाऊबीजेनंतर इकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, दंडार नावाचं नाचगाण्याचं लोकनाट्य होतं, लेकीबाळी माहेरी येतात. पाणकर मात्र कधी मंडईला जात नाही, तुडूम सोडून कसा जाणार? त्या साली कवडूबाबांच्या लेकीनं आंधळगावहून निरोप पाठवला, "बाबा, आता तर मशीन हाये, या ना." बाबांनाही ते पटलं. मशीनला सगळं कळतं असं मॅडमच म्हणाल्या होत्या. चार दिवस आधीच ते धुतलेलं धोतर नेसून लेकीकडे गेले; बटणाचं सांगायचं त्या आनंदात राहून गेलं. इकडे बाकीच्यांचा धान अजून उभाच होता, पण बेबीबाईंनी आपला लवकर पिकलेला धान कापला, कडपा पसरल्या आणि त्या मंडईला गेल्या. बटण बंद करायला कवडूबाबांनी सांगितलंच असेल, असं त्या धरून चालल्या. सगळं गाव मंडईला गेलं होतं.

भर दुपारी सळईनं मला कळवलं, माती पार सुकली आहे. मी उघडलो. अगदी वेळेवर.

संध्याकाळी लोक परतले तेव्हा कडपा पाण्यात तरंगत होत्या. पुंडलिकरावांनी धावतपळत फोनवर बोट दाबलं आणि मी लगेच मिटलो. पण आता मिटून काय उपयोग? बेबीबाई साडी खोचून पाण्यात उतरल्या. त्या ओल्या पेंढ्या छातीशी धरून रस्त्यावर आणत होत्या. सगळं गाव त्यांच्या मदतीला आलं. पण दैवच फिरलेलं. दुसऱ्या दिवसापासून आभाळ आलं, चार दिवस ऊन पडलं नाही. पाचव्या दिवशी दाण्यादाण्याला कोंब फुटले.

कवडूबाबा आंधळगावहून आले ते थेट पाळीवर. कपाळाला हात लावून बसले. "चाळीस सालात एक डाव गेलो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "एकच डाव गेलो मी."

"तुमचं का चुकलं भाऊ?" बेबीबाई म्हणाल्या. पण बाबा उठून घराकडे निघून गेले. त्या दिवसानंतर ते तलावाकडे फिरकले नाहीत.

राखी मॅडम आल्या. त्यांनी माझा डबा उघडला, सगळं तपासलं. माझ्यात कोणताही बिघाड नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते, पण कागदावर त्या खोटं तरी काय लिहिणार? त्या दिवसाची माझी नोंद आजही तशीच आहे. पाणी वेळेवर सोडले. काम यशस्वी.

बेबीबाईंनी हार मानली नाही. कोंब फुटलेलेच दाणे त्यांनी कोपऱ्यातल्या चिखलात टाकले. उन्हाळी धानासारखे पऱ्हे जगले, तर आईचं बी वाचेल, एवढीच त्यांची आशा होती. पऱ्हे म्हणजे रोवणीआधीची धानाची रोपं. रोज सकाळी त्या बोटांनी एकेक पान चाचपायच्या. मी तर जीव ओतून पाणी दिलं. थेंबभर जास्त नाही, थेंबभर कमी नाही. माझ्या हातात एवढंच होतं, मित्रांनो. सळई रोज म्हणायची, ओल उत्तम. पण तो धान पावसाळ्याचा. पौषातली थंडी त्याला सोसवली नाही. पऱ्हे पिवळे पडले, मग खाली बसले. थंडी मोजायला मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी मी काय केलं असतं?

शेवटचं रोप उपटून बेबीबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता दगड घालतील. घालायला हवा होता. पण त्यांनी चिखलाचा हात माझ्या डब्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुले का मालूम राहीन बाप्पा. तुले कोनी सांगतलंच नाही." आणि तिथंच बसून त्या लहान पोरीसारख्या रडल्या.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. माझी पुढची भावंडं तुम्हीच घडवाल. ती तुमची शेतं बघतील, औषधं देतील, गाड्या चालवतील. त्यांना जरूर घडवा, आमचा राग करू नका. पण जो माणूस ते काम आयुष्यभर करत आला, त्याला शाल देऊन घरी बसवण्याआधी चार दिवस त्याच्या मागे चालून या. तो काय बघतो, कुठे थांबतो, कोणाला हाक मारतो, ते शिकून घ्या आणि मग आम्हाला शिकवा.

माझ्या जागी येणारा नवा दरवाजा माझ्याहून दसपट हुशार आहे म्हणे. कवडूबाबा अजून आहेत. गावाच्या वरच्या टोकाला त्यांचं घर आहे, हल्ली त्यांना चालवत नाही. नव्या दरवाजाचं सामान येऊन पडलं आहे, माणसं मापं घेऊन गेली आहेत. पण कवडूबाबांच्या दारात विचारायला अजून कोणीच गेलेलं नाही.