एक दिवसाआड

"डोंगराच्या पल्याड गाडी जाते दूरदेशी,
लेक माझी बसो तीत, तिचं सपान तिच्यापाशी."

धुणं पिळता पिळता आई हे म्हणायची. आम्ही सात भावंडं. तिची गाडी काही आली नाही. तिला जाऊन वीस वर्षं झाली, पण आमच्या कॅरोलायनाच्या खोऱ्यात मालगाडीची शिट्टी वाजली की अजून हात थांबतो माझा.

मी सूतगिरणीत कांड्या भरते. सहा वर्षांपूर्वी मला नर्सिंगच्या शाळेचं पत्र आलं होतं : प्रवेश मिळाला, ऑगस्टमध्ये हजर व्हा. पाळणा लांबवायच्या गोळ्या मी तेव्हा घ्यायचे. गिरणीचा आरोग्य विमा रक्तदाबाची गोळी द्यायचा, ॲलर्जीची द्यायचा, ही मात्र नाही; ती पदरच्या पैशानं घ्यावी लागायची.

शेजारच्या यंत्रावरची इमोजीन म्हणाली, "अगं व्हर्लीन, एक पाकीट दोघींत घेऊ. एक दिवस तू, एक दिवस मी. ताणलं की सगळं पुरतं!"

आमच्या खात्याची रीतच ती. डबा वाटायचा, मुलांचे कोट वाटायचे. गोळीही वाटली. ती वाटून चालत नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्ही कुणाला विचारलंही नाही.

ऑगस्टमध्ये मी ओकाऱ्या काढत यंत्रापाशीच उभी होते. एप्रिलमध्ये डोव्ही झाली.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा गोळ्या मागितल्या. कचेरीतून लेखी नकार आला. इमोजीन जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर ओरडली, "बाप्यांचं घोडं उठवायची गोळी विम्यात बसते, बायो! आपण लगाम मागितला की म्हणे तो आजार नाही!" बायका हसून हसून वाकल्या.

नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या वॉशिंग्टनच्या सरकारी आयोगाने नुकतंच म्हटलं होतं, इतर औषधं देऊन बायकांची ही गोळी तेवढी वगळणं म्हणजे नोकरीतला भेदभाव. नकारापासून एकशे ऐंशी दिवसांत तक्रार द्यायची. आता चारच उरले होते. नकाराचं पत्र माझ्याच नावचं, म्हणून सहीही माझीच लागणार होती.

तक्रार लिहून घ्यायला आयोगाच्या पेटिफर्डबाई गावच्या वाचनालयात आल्या. इमोजीन माझ्या शेजारी बसली. मुलांच्या कोपऱ्यात डोव्ही पालथी पडून चित्र रंगवत होती.

"गोळ्या मिळाल्या नाहीत," मी सांगितलं.

"ते या पत्रात आहेच," पेटिफर्डबाई म्हणाल्या. "गिरणीवाले म्हणतील, न मिळाल्यानं कुणाचं काय अडलं? तुमचं काय अडलं, ते हवंय मला."

मी डोव्हीकडे पाहिलं. कागदावर उतरलेलं राहतं. उद्या डोव्ही वाचायला शिकेल.

इमोजीन कानाशी लागली. तिचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता. "माझं नाव येईल म्हणून गप्प आहेस का गं? त्या पाकिटाची अक्कल माझीच ना. लिही खुशाल."

"तसं नाही, इमोजीन."

डोव्हीनं मान वर केली, मला हात केला, पुन्हा खडू उचलला. तिच्या मानेवर माझ्या आईसारखाच केसांचा भोवरा आहे. तो रोज दिसतो, आणि रोज मला दोन्ही हवं असतं : ती मान, आणि शाळेचा तो ऑगस्ट.

मी पर्समधून शाळेचं पत्र काढलं. घड्यांवर ते फाटत आलं होतं. इमोजीननंही ते आजवर पाहिलं नव्हतं. मी ते टेबलावर सरळ केलं.

"लिहा बाई," मी म्हणाले. "ही पोर माझा जीव आहे, हे आधी लिहा. आणि त्याच्याखाली लिहा, की तेव्हा मला ती नको होती. मला शाळेत जायचं होतं. अजून जायचंय."