शेकोटीचा जावई

करणसिंगचा गुन्हा एवढाच, की त्याला लाकूड नीट जाळता येत होतं.

मुलीच्या बापाला देज म्हणून द्यायला घरात काही नव्हतं, म्हणून तो काठी गावाच्या वरच्या पाड्यात डोंगरसिंगकडे घरजावई राहिला. सासऱ्याकडे राबायचं, ठरलेल्या होळ्या जळाल्या की बायकोला घेऊन वेगळं घर बांधायचं, असा रिवाज. होळ्या केव्हाच जळून गेल्या. डोंगरसिंग मात्र शेकोटीपाशी पाय पसरून म्हणायचा, "एवढा हिवाळा जाऊ दे, जावई."

सातपुड्यातला हिवाळा गेला तरी परत येतो, हे डोंगरसिंगला चांगलं ठाऊक होतं.

चूक करणसिंगचीच. धावड्याचे ओंडके तो उन्हाळ्यातच फोडून वळचणीखाली रचायचा. पावसाळाभर ते कोरडेठाक. विस्तवाखाली हवेला वाट ठेवायची, ओंडका टोकानं पेटवून जळेल तसा पुढं सारायचा, आढ्याजवळचं एक कौल सरकवून धूर बाहेर काढायचा. घर ऊबदार, आणि कुणाच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. असा जावई सोडायला सासरा काय खुळा होता?

"चांगलं करतोस म्हणून अडकलास," त्याची बायको फुलीबाई म्हणाली. "जरा वाईट कर की!"

करणसिंगनं मन घट्ट केलं. सालईचं ओलं लाकूड आणलं, वरचं कौल बंद केलं आणि संध्याकाळी शेकोटी पेटवली. पेटवली म्हणजे धुमसवली. आधी कोंबड्या बाहेर पडल्या, मग शेळ्या. सासू रेवाबाई पदरात तोंड खुपसून ठसकू लागली. करणसिंग आशेनं सासऱ्याकडं बघत होता. धुरात सासरा दिसत नव्हता, पण करणसिंग त्याच्या खोकल्याच्या दिशेनं बघत होता.

"बघा!" धुरातून डोंगरसिंगचा आवाज आला. "साधी शेकोटी येत नाही. अशा कच्च्या माणसाबरोबर पोरीला कसं धाडू? अजून एक हिवाळा राहू दे."

म्हणजे जाळ चांगला केला तर सासऱ्याला सोडवत नव्हतं, आणि वाईट केला तर सोडणं बरोबर नव्हतं. करणसिंगनं कौल उघडलं.

पण रेवाबाईचा धीर सुटला होता. "पोरांना घर दे, नाहीतर मी चालले भावाकडं. बस मग एकटा धूर खात!"

डोंगरसिंग नमला. जागा दिली ती आपल्याच घराला लागून, मधली कुडाची भिंत एकच. "दुसरीकडं सगळं गोऱ्या साहेबाचं राखीव जंगल," तो भोळेपणानं म्हणाला. "आणि शेकोटी ह्या भिंतीशीच घाल हां, दुसऱ्या बाजूनं वारा लागतो."

बांबूच्या कुडाशी विस्तव ठेवला तर घर पेटायचं. करणसिंगला ते कसं खपणार? त्यानं कुडाला दगड लावले, वर वीतभर जाड माती थापली. मग सासऱ्याच्या शेकोटीतला विस्तव फुटक्या मडक्यातून आणला, फुलीबाईनं फुंकर घातली आणि धावडा झकास पेटला. धुराचं नाव नाही. लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच एकटी बसली होती.

थोड्या वेळानं पलीकडं खाट सरकवल्याचा आवाज आला. खाट भिंतीला टेकली.

"जावई, भिंत काय सुरेख तापलीय रे!" डोंगरसिंग समाधानानं म्हणाला. "ही दगडमाती सकाळपर्यंत ऊब धरील बघ. तेवढा जाळ मंद पडू देऊ नको."

"आता?" फुलीबाईनं हळूच विचारलं. "सालई आणायची?"

"इथं आपणच ठसकू."

करणसिंगनं स्वतः थापलेल्या भिंतीकडं एकदा बघितलं आणि ओंडका पुढं सारला.