घर ते बस्ती

नेमिनाथ आप्पांना चौऱ्याहत्तरावं लागलं तरी त्यांचे पाय घरात ठरत नव्हते, आणि त्यांचा मुलगा मदन याचं तेच मोठं दुखणं होतं. दुसऱ्यांचे बाप या वयात ओसरीवर बसून जप करतात, खोकतात, सुनेच्या नावानं बोटं मोडतात. आप्पांना यातलं काहीच साधलं नव्हतं. लढाई संपली त्या वर्षी ते इंजिन कोळसा कसं खातं ते बघायला मिरजेच्या स्टेशनात गेले, आणि ड्रायव्हरशी गूळ-शेंगांवर मैत्री जमवून पुढच्या स्टेशनापर्यंत इंजिनातच जाऊन आले. वाईला कुणी छापखाना काढल्याचं कानावर आलं, तर मोटार पकडून थेट वाई गाठली. तिथून तीन दिवसांनी परतले ते दहाही बोटांना शाई लावून.

घराच्या पुढच्या भागात मदनचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक मीठ घेता घेता सहज विचारायचं, "मदनशेठ, काल सांगलीत आप्पा मोटारीखाली उताणं दिसलं. पडलं का काय?" पडले नव्हते, ड्रायव्हरला पाना धरू लागत होते. पण मदनला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आषाढ लागला तसं त्यानं बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, उपाध्यांना गाठलं. "आप्पास्नी जरा धर्माची वाट दावा," तो म्हणाला. वाट दाखवायची म्हणजे वाट बंद करायची, हे उपाध्यांनी ओळखलं. त्यांनी देशव्रताचा उपाय काढला. चातुर्मासाचे चार महिने ठरलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. आप्पा शब्दाचे पक्के होते, एकदा हात जोडले की जीव गेला तरी मोडायचे नाहीत.

"हद्द गावची शीव धरूया," उपाध्ये म्हणाले.

मदननं मनात हिशेब केला. शिवेच्या आत पिठाची गिरणी होती, शाळा होती, आणि पलटणीतून सुटून आलेले चार शिपाई होते. "येवढी कशाला?" तो घाईनं म्हणाला. "घर ते बस्ती. बास झालं."

आप्पांनी एकदा रस्त्याकडं बघितलं आणि हात जोडले.

आठ दिवस मदन सुखात होता. नवव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की आपण पूर अडवला खरा, पण घरात वळवून घेतला. आप्पांनी भिंतीवरचं घड्याळ खोललं. जुळवताना एक चाक उरलं, तरी घड्याळ चाललं, आणि मदनला त्याचंच जास्त वाईट वाटलं. कापूर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आप्पा विचारायचे, "गड्या, लाकडाची राख हुती, मग कापराची का हुईना?" गिऱ्हाईक विचारात पडायचं आणि कापूर न घेताच घरी जायचं. शेवटी मदननंच त्यांना हात धरून आत नेऊन बसवलं, ते चुलीपाशी.

चुलीपाशी मदनची बायको त्रिशला होती. घरात तिचा आवाज भांड्यांपेक्षा कमीच यायचा. सासरा पुढ्यात पाट घेऊन बसला तेव्हा ती अवघडली. पण आप्पांनी तिलाच भाकरी थापायला शिकवायला लावलं, चार भाकऱ्या मोडल्या आणि पाचवी साधल्यावर विचारलं, "का गं, ही फुगती कशानं?"

तिला असं कधी कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं नीट विचार केला. "आत पानी असतं, त्याची वाफ हुती. तिला भाईर जायाला वाट नसती, म्हणून."

आप्पांना उत्तर फार आवडलं. वाईच्या छापखानेवाल्यालाही इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

श्रावण सरता सरता घरात बघण्यासारखं काही उरेना. मग आप्पांनी पावलं मोजायला घेतली. एक दिवस जेवताना मोठ्या ऐटीत ते म्हणाले, "त्रिशला, आपल्या दारापास्नं बस्तीच्या पायरीपतूर किती पावलं, सांग बघू."

"दोनशे छत्तीस," ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली.

आप्पांचा आकडाही तोच होता. त्यांचा घास हातातच राहिला. "तुला कसं ठावं?"

"बारा वर्सं चालतीया न्हवं, मामंजी. पावसाळ्यात चिखल चुकवला की दोनशे चाळीस."

"आन् दुसरीकडं कुठं जातीस?"

"दुसरीकडं म्हंजे?" तिनं विचारलं.

गाऱ्हाणं नव्हतं ते, तिला खरंच कळलं नव्हतं. आईबाप गेल्यापासून माहेरची वाट मोडली होती. पाण्याला परसात आड होता, बाजार मदन करायचा, शेताला गडी होते. आप्पांनी उरलेली भाकरी संपवली. बारा वर्षं ते जग बघून याच चुलीपुढं जेवायला बसले होते. इंजिनाच्या पोटात काय असतं ते वाकून बघणाऱ्या माणसानं ताट वाढणारीला एकदाही काही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

कार्तिकात मुदत भरत आली तसा मदनचा जीव खालीवर व्हायला लागला. त्यानं बस्तीत आप्पांच्या सत्काराचा घाट घातला. शाल, नारळ, आणि भरल्या पंचांपुढं आप्पांना जन्मभराचं व्रत घ्यायला लावायचं, असा बेत. एवढ्या लोकांत म्हातारा नाही कसं म्हणेल? बेत आप्पांच्या कानावर आला आणि त्यांना अन्न गोड लागेना. चार महिने कसेबसे निघाले होते. मरेपर्यंत दोनशे छत्तीस पावलं, या विचारानं त्यांना धडकी भरली.

मुदत संपली त्या दिवशी सत्काराला बस्ती भरली. शाल पांघरून झाल्यावर मदन उठला. "आप्पांनी आता कायमचं व्रत घ्यावं, अशी समद्यांची इच्छा हाय."

माणसं माना डोलवायला लागली. आप्पांनी शाल सावरली. मग म्हणाले, "घेतो. पर हद्द मी सांगनार."

"सांगा की," मदन म्हणाला.

"माझी सून जितवर जाईल तितवर मी जाईन. तिच्या म्होरं पाऊल टाकनार न्हाई."

उपाध्ये अडखळले. अशी हद्द शास्त्रात वाचल्याचं त्यांना आठवेना, पण मनाई असल्याचंही आठवेना. मदनचा चेहरा मात्र उजळला. "ब्येस! हेच द्या, उपाध्ये," तो म्हणाला, आणि व्रत देऊन होईतो त्यानं नारळसुद्धा बापाच्या हातात ठेवला.

नारळ घेऊन आप्पा बायकांच्या बाजूला वळले. "त्रिशला, कुठं जायाचं?"

मदनला कळायला थोडा वेळ लागला. "ती कुठं जानार?" तो म्हणाला. "तिची हद्द घर ते बस्ती."

"तिला कुनी दिलंय व्रत?" उपाध्यांनी विचारलं. ते कामात चोख होते. "मी तर दिलं न्हाई."

"दिलं न्हाई, पर..."

"मग?"

घेतलेलं व्रत मोडलं तर त्याला प्रायश्चित्त असतं. न घेतलेलं मोडलं तर काय करायचं, हे कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

सगळी बस्ती त्रिशलाकडं बघत होती. ती मान खाली घालून घरी गेली असती, तर आप्पांनी आपल्या हातानंच आपल्याला कुलूप लावून घेतलं होतं. त्रिशलानं पदर सारखा केला. नवऱ्याकडं बघितलं, मग दाराबाहेर बघितलं. डाव्या हाताला घर होतं. उजव्या हाताला रस्ता वळून कुठं तरी जात होता.

"कुठं म्हून कसं सांगू, मामंजी?" ती म्हणाली. "काय काय हाय त्येच मला ठावं न्हाई. आदी समदं बघून येऊ, मग सांगते."

पायरी उतरून ती उजवीकडं चालायला लागली. शाल खांद्यावर टाकून आप्पा तिच्या मागं निघाले, व्रताप्रमाणं एक पाऊल राखून.