उघडलेली पुडकी

चिमाजी मास्तरांना पहिला संशय आला तो सुतळीवरून. पुण्याचे संपादक पुडकं बांधताना सुतळीला सरगाठ मारत आणि वर लाखेचा ठिपका देत. या खेपेला लाख चिरलेली होती आणि गाठ साधी, बाजारकऱ्याच्या गाठोड्याला असते तशी. आतल्या कादंबरीच्या एका पानावर हळदीचं बोट उमटलं होतं.

साल एकोणीसशे अडतीस. मास्तर किकवीपासून दोन मैलांवरच्या एका वाडीत मुलांना शिकवत आणि पुण्याच्या एका मासिकात कादंबऱ्यांची परीक्षणं लिहीत. भुताखेतांच्या, परग्रहांवरच्या, चमत्कारिक यंत्रांच्या कादंबऱ्या तेव्हा भराभर निघत होत्या. त्या मनावर घेऊन वाचणारा दुसरा माणूस संपादकांना मिळत नव्हता. ते पुस्तकं साताऱ्याकडे जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर देत. ड्रायव्हर पुडकं किकवीला मानसिंगच्या चहाच्या हॉटेलात टाकी आणि मास्तर बाजारच्या दिवशी जाऊन ते घेऊन येत. मासिकाचा नवा अंकही त्यातच असे.

पुढचं पुडकंही तसंच आलं. त्याच्या पुढचंही.

किकवी भोर संस्थानात होती आणि तिथं त्या वर्षी राजाकडे हक्क मागणाऱ्या सभांची धामधूम होती. कोणाकडे पुण्याहून काय येतं यावर नजर असते, असं लोक हळू आवाजात बोलत. त्यात मास्तरांनी नुकतंच ‘राजा नसलेला ग्रह’ नावाच्या कादंबरीचं कौतुक छापलं होतं. ते आठवलं की ते चिरलेली लाख पुन्हा उजेडात धरून बघत. नोकरी जायला एवढं पुरे होतं.

मानसिंगच्या हॉटेलात ज्ञानू नावाचा चावडीवरचा कारकून रोज बसलेला असे. मास्तर दिसले की तो विचारी, "काय मास्तर, काय आलं पुण्यास्नं?" आधी मास्तरांना त्यात काही वाटलं नव्हतं. आता त्या प्रश्नातला शब्दन् शब्द त्यांना टोचू लागला. एके दिवशी ते शाळेतल्या सोबत्याला म्हणाले, "ज्ञानूपासून जपून राहा. बातम्या पोचवतो तो." सोबत्यानं ते घरी सांगितलं. महिन्याभरात ज्ञानूच्या बाकावर कोणी बसेनासं झालं.

मास्तरांना मात्र पुरावा हवा होता. त्यांनी संपादकांना लिहिलं, की पुढच्या पुस्तकात बरोबर शंभराव्या पानावर कागदाची कोरी चिठ्ठी ठेवा. संपादकांनी ठेवली. पुस्तक होतं ‘तळघरातला हुंकार’. मास्तरांनी वाटेतच, वडाखाली थांबून पुडकं सोडलं. शंभराव्या पानावर काही नव्हतं. चिठ्ठी शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीला निघाली आणि तिच्यावर पेन्सिलीनं गोलगोल अक्षरांत लिहिलं होतं : ‘मास्तर, ह्या टायमाला शेवट वाचून मग लिवा.’

त्यांचे कान तापले. कारण ते खरं होतं. गेल्या दोन वर्षांत त्यांनी एकाही कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचलं नव्हतं. हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

ते तसेच पाठीमागं फिरले. हॉटेलात मोटारीची वाट बघणारी चार-पाच माणसं होती. ज्ञानू आपल्या बाकावर एकटाच बसला होता. मास्तरांनी चिठ्ठी त्याच्यापुढे आपटली.

"हे अक्षर तुमचं?"

ज्ञानूनं चिठ्ठी उलटीपालटी केली. "चावडीचं समदं मोडीत असतंय, मास्तर. बाळबोध ल्ह्यायची मला सवय न्हाई. आन् म्या तुमचं पुडकं कशाला सोडू?"

"म्या लिवलंय ते."

आवाज आतून, चुलीपासून आला. मानसिंगची विधवा बहीण रतनबाई पिठाचे हात पदराला पुसत दारात उभी होती. ती चौथीपर्यंत शिकली होती, पण ते आता तिच्या भावाच्याही लक्षात नव्हतं.

"तू?" मानसिंगच्या हातातली किटली तशीच राहिली. "दुसऱ्याचं टपाल सोडतीस?"

"आठ-आठ दिस हितं पडून असतंय, दादा. वाचते आन् परत बांधते. एक पान फाटलं असंल तर दावा म्हनावं."

"पण हे असं लिहायचं कारण काय?" मास्तर म्हणाले.

"तुमचाच मला संशय आला." रतनबाईनं नजर खाली घेतली नाही. "त्या विहिरीतल्या हाताच्या पुस्तकाचं तुमी छापलं, सावत्र आईचं भूत लई भयान रंगवलंय. ती बाई शेवटाला जित्ती निघती. भूत न्हाईच त्यात! आन् त्या राजा नसलेल्या ग्रहावर शेवटी राजा येतो की. तुमी लिवलं, अखेरपर्यंत येत न्हाई म्हनून."

मोटारीची वाट बघणारी माणसं हसली. ज्ञानू हसला नाही.

"मग मास्तर," तो म्हणाला, "मला चुगलखोर ठरवलंत, ते कुठलं पान वाचून?"

मास्तर ज्ञानूच्या बाकावर बसले. खोटं सांगायला जागाच उरली नव्हती. "मी पालीत वाढलो," ते म्हणाले. "राजगडाच्या खाली. गुराखी गडावरच्या गोष्टी सांगायचे आणि मी शेवटाच्या आधी पळून जायचो. मला भीती वाटते. घरात एकटा असतो. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटतो."

"ग्रहांच्या गोष्टीतबी?" रतनबाईनं विचारलं.

"तिथंही शेवटी काहीतरी वाईटच होतं."

ती दारातच उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "मग हितंच वाचा की. दिसाउजेडी. एवढी मानसं हायती."

मास्तरांनी पुस्तक उघडलं. पहिल्या ओळी त्यांनी शब्दाशब्दाला थांबत वाचल्या. तळघराची पायरी आली तेव्हा एक म्हातारा बाकावर पाय वर घेऊन बसला. मोटार आली, ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला, तरी कोणी उठेना. शेवटी तोही खाली उतरून दारात उभा राहिला. शेवटचं वाक्य संपल्यावर मास्तरांचा अंगरखा घामानं भिजला होता, पण ते तिथंच होते, पळाले नव्हते.

"मी तुमचा अपराधी आहे, ज्ञानबा," ते म्हणाले.

"ते गावाला सांगा," ज्ञानू म्हणाला आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. मास्तरांनी चावडीपुढे चारचौघांत सांगितलं. तरी ज्ञानूनं पुन्हा त्यांना कधी काही विचारलं नाही.

संपादकांनाही त्यांनी रतनबाईच्या नावासकट सगळं लिहून कळवलं. मासिकात दुरुस्ती छापून आली. दोघा वाचकांनी मास्तरांना ढोंगी म्हणणारी पत्रं लिहिली, तीही छापली गेली. मग तीन महिने पुण्याहून काहीच आलं नाही. बाजारच्या दिवशी मास्तर हॉटेलावरून सरळ पुढं जात.

चौथ्या महिन्यात मानसिंगनंच त्यांना हाक मारली. पुडकं आलं होतं. वर नावाच्या जागी दोन ओळी होत्या. मानसिंगला वाचता येत नव्हतं, पण दोन ओळी त्याला दिसत होत्या. "दुसरं नाव कुनाचं?"

मास्तरांनी पुडकं आपल्याकडे ओढलं. रतनबाईनं पुढं होऊन वाचलं, "चिमाजी मास्तर व रतनबाई."

मानसिंगनं एकदा मास्तरांकडं, एकदा बहिणीकडं पाहिलं. "आमच्या घरातल्या बाईमानसाचं नाव पुन्यात कसं गेलं?"

"मास्तरांनी दुरुस्ती धाडली, त्यात माझं नाव लिवलं," रतनबाई म्हणाली. "सुतळी कापाया ईळा दे इकडं."

मानसिंग विळा घेऊन तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा मोकळा झाला नव्हता. मग त्यानं तो पुढं केला खरा, पण स्वतःही बाक ओढून त्या दोघांच्या मधे बसला आणि म्हणाला, "काय आसंल ते मोठ्यानं वाचा. पयल्या पानापास्नं."