दर तिसऱ्या दिवशी दोन चमचे

आमच्या दादाला सगळी गल्ली ‘डोस’ म्हणते. तीस वर्षं तो औषधाच्या दुकानात कंपाउंडर आहे. घरात कुणाला खोकला होवो की पोटदुखी, तो दुकानातून औषध आणतो, खोकं फेकून देतो आणि कागदाची पुडी करून तिच्यावर आपल्या अक्षरात किती आणि केव्हा ते लिहून देतो. खोक्यावरचं वाचून माणसं नसते आजार अंगाला लावून घेतात, असं त्याचं म्हणणं. त्याने पुडीवर लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ. मी शिवणकाम करते. कापड दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावायची नाही ही माझी रीत, पण दादाची पुडी मात्र मी जन्मभर डोळे झाकून घेत आले.

या वेळची पुडी माझ्यासाठी नव्हती, टोमॅटोंसाठी होती.

घराच्या मागे आमची मोकळी जागा आहे. लग्न मोडून मी परत आले तेव्हा तिथे नुसता विटांचा राडा होता. कुणाशी धड बोलायची इच्छा नव्हती, म्हणून मी त्या विटा उचलत बसायचे. उचलता उचलता खाली माती लागली, मातीत झाडं लागली आणि मी माणसात आले. आता त्या बाजूने नवा रस्ता झाला आणि दादाच्या मनात भरलं की तिथे स्वतःचं दुकान काढायचं. आयुष्यभर दुसऱ्याच्या गल्ल्यामागे उभं राहिलेला माणूस तो, त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण घर दोघांच्या नावावर, माझ्या सहीशिवाय वीट हलणार नव्हती.

महिनाभर आमची धुसफूस चालली. शेवटी माझंच डोकं फिरलं आणि मी म्हटलं, या हंगामात माझ्या टोमॅटोंची एक पाटी भरून निघाली तर दुकानाचा विषय कायमचा बंद, नाही निघाली तर मी मुकाट्याने सही करीन. दादाने मला पुन्हा एकदा विचारलं, नक्की ना. मी नक्की म्हटलं. रागाच्या भरात बोललेलं निस्तरायला मला नेहमीच जड जातं, पण एकवीस झाडं होती आणि सगळी फुलावर होती. मी निर्धास्त होते.

मग पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. दादाने पान उजेडात धरून पाहिलं आणि संध्याकाळी एप्सम सॉल्टची पुडी आणली. दुकानात ते ठेवतात, लोक सुजलेले पाय गरम पाण्यात बुडवायला नेतात. लिटरभर पाण्यात एक चमचा, एकदाच, असं पुडीवर लिहिलं होतं. पंधरा दिवसांत पानं हिरवीगार झाली. ज्याला दुकान बांधायचंय तोच माझी झाडं वाचवतोय, हे बघून मला भरून आलं. त्याच्या जुन्या शर्टाची कॉलर मी न सांगता उलटून शिवून दिली.

फळं धरली आणि लिंबाएवढी झाली, तोच त्यांची बुडं काळी पडू लागली. वरून छान हिरवं, खालून चामड्यासारखं काळं. मी धावत दादाकडे. तो बराच वेळ फळ हातात फिरवत राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच सॉल्टची मोठी पुडी घेऊन आला. दर तिसऱ्या दिवशी दोन चमचे, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी. मी मशीनवरून उठून उठून ते पाण्यात कालवून घालत होते. काळी बुडं वाढतच गेली. दादा म्हणाला, धीर धर, औषध लागू पडायला वेळ लागतो. मी धीर धरला. वीस दिवसांत निम्मी फळं उकिरड्यावर गेली आणि गवंडी जागेचं माप घ्यायला कधी येणार ते ठरलं.

पुडी संपली तो दादाच्या सुटीचा दिवस होता. तो दुपारचा झोपला होता, म्हणून मीच दुकानात गेले. चार गल्ल्या पलीकडे ते दुकान, पण घरात दादा असताना मला तिथे जायची वेळच कधी आली नव्हती. दादाची बहीण आहे असं सांगितलं तशी मालकीणबाईंनी बसायला स्टूल दिलं. एप्सम सॉल्ट म्हटल्यावर त्यांनी विचारलं, पायाला की झाडाला. झाडाला म्हटलं तर त्यांनी फळीवरची बरणी काढली. बरणीला एक पुठ्ठा बांधला होता. झाडाला मागणारे वाढले, म्हणून गेल्या वर्षी तुमच्या भावानेच लिहून ठेवलंय, रोज गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो, असं त्या कौतुकाने सांगत होत्या.

अक्षर दादाचंच होतं. ‘झाडांसाठी: महिन्यातून एकदा, लिटरला एक चमचा. टोमॅटोचं बूड काळं पडत असेल तर देऊ नये, आणखी वाढतं. चुना सुचवावा.’

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात. बाईंना वाटलं मला ऊन लागलं, त्यांनी पाणी दिलं. त्यांना काय सांगणार, की रोज परक्या माणसांना खरं सांगणारा हा माणूस घरी येऊन सख्ख्या बहिणीला खोटं लिहून देतो? मी काही न घेता घरी आले.

दादा उठून चहा पीत होता. पुठ्ठ्यावरचं वाचून आले, एवढंच मी म्हटलं. त्याने कप खाली ठेवला. चुकून झालं, असं तो म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. म्हणाला असता तर मी विश्वासही ठेवला असता, इतकी मी वेडी.

“मला तुला तोंडावर ‘नाही’ म्हणवत नव्हतं,” तो म्हणाला. “तू त्या मातीत कशी बसायचीस ते मी पाहिलंय. म्हटलं, झाडांनीच ‘नाही’ म्हणावं. तू नशिबाला बोल लावला असतास, मला नाही.”

“आणि जन्मभर तुझे उपकार मानले असते, झाडांसाठी एवढं केलंस म्हणून.”

त्याने कप उचलला आणि मोरीत नेऊन विसळला. तेच मला जास्त लागलं. भांडला असता, ओरडला असता, तर मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. मी सही करणार नाही, गवंड्याला येऊ नको म्हणून कळव, असं सांगितलं आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रडले, खोटं कशाला बोलू. टोमॅटोंसाठी नाही रडले. वीस दिवस रोज सकाळी तो मागच्या दारात येऊन विचारायचा, आज कसं आहे गं, आणि मी त्याला एकेक काळं फळ दाखवायचे, ते आठवून रडले.

सकाळी माझ्या मशीनवर एक कागद होता. ‘चार दिवस भरपूर पाणी सोड, साठलेलं वाहून जाईल. मग मूठभर चुना बादलीत कालवून, वरचं निवळलेलं पाणी घाल. नवी फळं चांगली येतील.’ खाली काही नाही. ‘चुकलो’ नाही, ‘माफ कर’ नाही.

तो कागद घेऊन मी पुन्हा चार गल्ल्या चालत गेले. बाईंनी चष्मा लावून वाचला आणि अगदी बरोबर आहे म्हणाल्या. मग हळूच विचारलं, भावाने लिहून दिलेलं मला कशाला दाखवता? मी म्हटलं, असंच.

घरी येऊन नळाला पाइप लावला, पाणी सोडलं. दादा दुकानात जायला निघाला होता, मागच्या दारात थांबला.

“दाखवून आलीस?” त्याने विचारलं.

“हो.”

“बरोबर होतं ना?”

“बरोबर होतं.”

त्याने मान हलवली. जाता जाता म्हणाला, धार कमी कर, मुळं उघडी पडताहेत. मी वाकून आधी स्वतः पाहिलं, खरंच पडताहेत का. पडत होती. मग मी धार कमी केली.